वंशशोध

वंशशोध : एखाद्या व्यक्तीचे वा कुळाचे पूर्वज कोण होते, ते कोठे राहत होते आणि त्यांचे परस्परांशी नाते काय होते, हे लेखी वा मौखिक पुराव्याच्या आधारे पिढीमागून पिढी मागे जात निश्चित करण्याच्या उद्योगास वंशशोध म्हणतात. या शोधातून तयार होणाऱ्या पिढीवार तक्त्यास वंशावळ वा वंशवृक्ष अशी संज्ञा आहे. पूर्वी हा उद्योग राजघराणी, वतनदार आणि उपाध्यायवर्ग यांच्यापुरता मर्यादित होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या नोंदी संगणकावर व पुढे इंटरनेटवर उपलब्ध होऊ लागल्यापासून तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. वारसाहक्क, नागरिकत्व, जातीचे प्रमाणपत्र, स्थलांतरितांच्या मूळ गावाचा शोध, आनुवंशिक रोगांचा अभ्यास व सामाजिक इतिहास अशा अनेक क्षेत्रांत त्याचा उपयोग होतो.

वंशशोधाची साधने विपुल असली, तरी त्यांतील फारच थोडी साधने वंशजांना पूर्वज सापडावेत म्हणून निर्माण झाली. करवसुली, धर्मशासन, वतनाचे तंटे, मजुरांवरील नियंत्रण अशा तत्कालीन गरजांतून या नोंदी झाल्या. ज्या माणसाची दखल घेण्याचे कोणत्याही सत्तेस कारण नव्हते, तो बहुधा नोंदीतही आला नाही. म्हणून नोंद कोणी, कोणासाठी व कशासाठी केली, हे जाणून घेणे ही वंशशोधाची पहिली पायरी होय.

प्राचीन परंपरा : पुराणांच्या पाच लक्षणांत वंश व वंशानुचरित या दोहोंची गणना होते, सूर्यवंश व सोमवंश यांच्या राजावळी पुराणांतून आढळतात. बायबलमध्येही पिढीवार नामावळी आहेत. चीनमध्ये कुळाची वंशपोथी ठरावीक काळाने नव्याने लिहून काढण्याची प्रथा होती. कन्फ्यूशसच्या वंशजांची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली वंशपोथी वीस लाखांहून अधिक नावांची असून, तीत स्त्रियांची नावे प्रथमच समाविष्ट करण्यात आली. हिंदूंच्या श्राद्धविधीत पिता, पितामह व प्रपितामह या तीन पिढ्यांचा नाम-गोत्रासह उच्चार करावा लागतो. त्यामुळे सामान्य कुटुंबातही निदान तीन पिढ्यांची नावे स्मरणात राहत. त्यापलीकडची स्मृती मात्र लेखनावाचून सहसा टिकत नसे.

राजघराण्यांच्या बाबतीत वंशावळ हे सत्तेच्या अधिकाराचे प्रमाण होते. तंजावर येथील बृहदीश्वर मंदिरात दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेवरून १८०३ मध्ये कोरण्यात आलेले भोसले वंशचरित्र हे त्याचे उल्लेखनीय उदाहरण होय. मराठीतील या दीर्घ शिलालेखात भोसले घराण्याचा पिढीवार वृत्तांत दिला आहे. अशा वृत्तांतांत नजीकच्या पिढ्यांची माहिती सामान्यतः विश्वसनीय असते, तर दूरच्या पिढ्या पुराणपुरुषांशी जोडलेल्या असतात.

नोंदपुस्तकांचा उदय : यूरोपात सर्वसामान्यांच्या नोंदी प्रथम चर्चने ठेवल्या. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंद सक्तीची केली आणि पोर्तुगीजांमार्फत ही पद्धती गोव्यातही रूढ झाली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९२ मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद चर्चकडून शासनाकडे आली. इंग्लंड व वेल्समध्ये शासकीय नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. ब्रिटनच्या १८४१ च्या जनगणनेपासून घरातील प्रत्येक व्यक्तीचे नाव पद्धतशीरपणे लिहिले जाऊ लागले. ही पत्रके शंभर वर्षांनंतर खुली करण्याचा प्रघात असून १९२१ च्या जनगणनेची पत्रके जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली.

भारतात पहिली जनगणना १८७२ मध्ये व पहिली एककालिक जनगणना १८८१ मध्ये झाली. तथापि तिच्यापासून वंशशोधकास मिळतात ते आकडे, नावे नव्हेत. जनगणना अधिनियम, १९४८ नुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय असते. यामुळे ब्रिटन वा अमेरिका येथील शोधकास सहज उपलब्ध असलेले एक प्रमुख साधन भारतीय शोधकास नाही व त्याला अन्य नोंदींवर अवलंबून राहावे लागते.

नोंदींचा नाश हेही वंशशोधाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण आहे. आयर्लंडमधील यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार जळाले आणि कित्येक शतकांचे कागद नष्ट झाले. इंग्लंड व वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेची पत्रके १९४२ मध्ये आगीत भस्मसात झाली. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९७ मध्ये लागलेल्या आगीत आधीच्या काळातील स्थलांतरितांच्या नोंदी गेल्या. अशा प्रसंगी एका संस्थेची वही नष्ट झाली, तरी दुसरीकडील प्रतीवरून काही अंशी तिची भरपाई करता येते. आयर्लंडमधील जळालेल्या संग्रहाची अशी संगणकीय पुनर्रचना २०२२ पासून लोकांस उपलब्ध करण्यात आली आहे.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रातील वंशशोधाची जुनी साधने तीन प्रकारची आहेत : तीर्थक्षेत्रांतील वह्या, वंशावळ सांगणाऱ्या जमातींच्या पोथ्या आणि दप्तरातील कागद. नासिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरद्वार इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात. यात्रेकरू आपले नाव, गाव, सोबतची माणसे, वडील-आजोबांची नावे व यात्रेची तिथी उपाध्यायाच्या वहीत लिहून देतो वा लिहवून घेतो. या वह्यांची मांडणी सामान्यतः गाव, आडनाव व जात यांना अनुसरून असते. त्यामुळे आलेल्या यात्रेकरूस त्याच्या आजोबा-पणजोबांचा लेख उपाध्याय थोड्या वेळात काढून दाखवू शकतो. यजमानावरील उपाध्यायाचा हक्क या वहीतील लेखावरून ठरत असल्याने तिचे जतन काळजीपूर्वक होत आले. जी घराणी यात्रेस गेली नाहीत, किंवा ज्या जातींना क्षेत्रातील धर्मकृत्यांपासून दूर ठेवले गेले, त्यांची नावे तीत सापडण्याचा संभव कमी असतो.

भाट हे यजमान घराण्यांच्या वंशावळी राखून लग्नकार्यादी प्रसंगी म्हणून दाखवीत. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांत हेळवी हे गावोगाव फिरून कुळाची पिढीवार माहिती सांगतात व नव्याने जन्मलेल्यांची नावे तीत घालतात. यजमानाचा गौरव करणे हा या वृत्तीचा भाग असल्याने त्यांच्या सांगण्यातील उगमकथा चिकित्सेवाचून स्वीकारता येत नाहीत. मात्र अलीकडील पाच-सात पिढ्यांची नावे पडताळणीत पुष्कळदा उपयुक्त ठरतात.

मराठेशाहीत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी इ. वतनांचे तंटे गोतसभेपुढे येत. वादी व प्रतिवादी आपापली वंशपरंपरा कथन करीत आणि निवाड्याचा महजर होई. या महजरांत व करिन्यांत घराण्याच्या अनेक पिढ्यांची हकीकत आढळते. ब्रिटिश राजवटीत १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला इनामांच्या चौकशीचे व्यापक अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क वंशावळीनिशी शाबीत करावा लागला. अशा चौकशांचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तराच्या परिसरात आजही अभ्यासिले जातात. जमीन वा इनाम राखण्यासाठी दाखल केलेली वंशावळ ही पक्षकाराची कैफियत असते, हे मात्र ध्यानी ठेवावे लागते. दत्तक लपविणे, भाऊबंदांची शाखा गाळणे असे प्रकार तीत संभवतात.

सामान्य शेतकरी कुटुंबांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे महसुली कागद अधिक उपयोगी पडतात. गावातील जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना क्रमांक १४ मध्ये होई. गावकामगारांमार्फत ठेवल्या जाणाऱ्या या वहीस लोक कोतवाल बुक म्हणतात. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून खातेदार मरण पावला, की त्याच्या वारसांची नावे फेरफाराने दाखल होऊ लागली. सलग फेरफार लावून पाहिले असता तीन-चार पिढ्यांची वंशावळ आपोआप उभी राहते. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ नंतरच्या फेरफारांत मुलींची नावेही अधिक प्रमाणात दिसू लागतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख, वडिलांचे नाव व जात यांची नोंद हे आणखी एक महत्त्वाचे साधन होय. भूमिहीन कुटुंबांच्या संदर्भात तर हा पुष्कळदा एकमेव लेखी पुरावा असतो. महाराष्ट्र शासनाने सातबारा उतारे, फेरफार व जुने अभिलेख यांच्या प्रतिमा टप्प्याटप्प्याने ऑनलाइन उपलब्ध केल्यामुळे तहसील कचेरीतील काही शोध घरबसल्या करणे शक्य झाले आहे.

गोव्यात ख्रिस्ती कुटुंबांसाठी पॅरिशच्या वह्या, गावकऱ्यांसाठी कोमुनिदादच्या याद्या आणि विसाव्या शतकापासूनची सर्वधर्मीय नागरी नोंदणी अशी साधने आहेत. कोमुनिदादमध्ये मूळ गावकऱ्यांच्या पुरुषवंशजांना उत्पन्नाचा वाटा मिळत असल्याने त्यांची नावे वांगडवार राखली गेली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, जन्मलेल्यांना व त्यांच्या ठरावीक पिढ्यांपर्यंतच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्यामुळे आजी-आजोबांच्या जन्मनोंदीचा उतारा हा अनेक गोमंतकीय कुटुंबांच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

सूक्ष्मपटापासून इंटरनेटपर्यंत : जगभरच्या नोंदी एकत्र आणण्याचे सर्वांत मोठे कार्य अमेरिकेतील यूटा वंशशास्त्र संस्थेने केले. मॉर्मन पंथाने १८९४ मध्ये ही संस्था स्थापन केली. दिवंगत पूर्वजांसाठी त्यांच्या वंशजांनी बाप्तिस्मा घेता येतो, अशी या पंथीयांची श्रद्धा असून, त्यासाठी पूर्वजांची नावे निश्चित करणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे. १९३८ पासून संस्थेने विविध देशांतील नोंदपुस्तकांचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) घेण्यास आरंभ केला. सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगर पोखरून बांधलेल्या भांडारात ते ठेवण्यात आले आहेत. चोवीस लाखांच्या आसपास रिळांचे संगणकीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले. संस्थेचे फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झाले आणि त्यावरील बहुसंख्य नोंदी विनामूल्य पाहता येतात. भारतातील तीर्थोपाध्यायांच्या काही वह्यांचे चित्रीकरणही या उपक्रमात झाले आहे. नाझींच्या हत्याकांडात बळी पडलेल्या ज्यूंची नावे पंथीय विधीसाठी वापरली गेल्यावरून मोठा वाद उद्भवला व १९९५ मध्ये ज्यू संघटनांशी त्याविषयी करार करण्यात आला. नोंद एका हेतूने झालेली असली, तरी तिचा वापर सर्वस्वी निराळ्या हेतूने होऊ शकतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

लोकांची या विषयातील ओढ किती तीव्र आहे, याचा प्रत्यय दोन प्रसंगी आला. एलिस बेटावरून अमेरिकेत आलेल्या सु. २ कोटी २० लाख प्रवाशांची (१८९२–१९२४) सूची एप्रिल २००१ मध्ये इंटरनेटवर खुली झाली, तेव्हा तिच्यावर शोधकांची झुंबड उडाली. जानेवारी २००२ मध्ये ब्रिटनच्या १९०१ च्या जनगणनेचे संकेतस्थळ तर भार न पेलल्याने बंद ठेवावे लागले व काही महिन्यांनंतर ते पुन्हा चालू करण्यात आले. याच सुमारास वर्गणी घेऊन नोंदी दाखविणाऱ्या व्यापारी संस्थाही उदयास आल्या. शोधकर्त्यांनी स्वतः रचलेले लाखो वंशवृक्ष त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. ते सोयीचे असले, तरी एकाने केलेली चूक दुसऱ्याने पडताळणी न करता उतरवून घेतल्याने ती अनेक वृक्षांत पसरते, असा अनुभव आहे.

गिरमिटियांच्या नोंदी : भारतीय संदर्भात वंशशोधाचा सर्वांत हृद्य अध्याय गिरमिटिया मजुरांच्या वंशजांचा आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर ब्रिटिश, फ्रेंच व डच वसाहतींतील उसाच्या मळ्यांवर ठरावीक मुदतीच्या कराराने भारतीय मजूर नेण्यात आले. करार या अर्थीच्या ‘ॲग्रीमेंट’ या इंग्रजी शब्दाचा ‘गिरमिट’ हा अपभ्रंश होय. मॉरिशसमध्ये अशा मजुरांची पहिली तुकडी ॲटलास या जहाजाने २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोहोचली. त्यानंतर १९१० पर्यंत सु. साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. नाताळमध्ये १८६०–१९११ या काळात १,५२,१८४, तर सुरिनाममध्ये १८७३–१९१६ या काळात ३४,३०४ मजूर गेले. फिजीमध्ये गेलेल्यांची संख्या सु. ६०,००० होती.

मॉरिशसला जाणाऱ्यांतील बहुसंख्य कलकत्ता बंदरातून व त्याखालोखाल मद्रासमधून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या तुलनेने लहान होती. त्यांत रत्नागिरी व आसपासच्या जिल्ह्यांतील मराठी भाषकांचा भरणा होता. आजही तेथे मराठी भाषक वंशाचा समाज असून गणेशचतुर्थी ही सार्वजनिक सुट्टी आहे. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. उतरलेल्या प्रत्येकास एक क्रमांक दिला जाई आणि त्यापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, जिल्हा, परगणा, गाव, जहाज व मालक यांची माहिती लिहिली जाई. पुढे झालेला विवाह, मृत्यू वा भारतात परतणे यांचीही भर तीत पडे.

हा तपशील मजुरांच्या कल्याणासाठी जमविलेला नव्हता. पळून गेलेला मजूर ओळखता यावा, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. १८६७ च्या वटहुकमाने कराराची मुदत संपलेल्यांनाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली व तो नसेल, तर भटक्या म्हणून अटक होई. या जाचाविरुद्ध आडॉल्फ द प्लेव्हिट्झ याच्या पुढाकाराने १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांच्या नावांचा अर्ज राज्यपालांकडे गेला. परिणामी शाही आयोग नेमण्यात आला व त्याचा अहवाल १८७५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या छायाचित्राच्या आधारे शिपाई मजुरास अडवीत, ते छायाचित्र म्हणजेच पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत मूळ पूर्वजाचा उरलेला एकमेव चेहरा होय.

या वह्यांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील स्त्रियांची स्वतंत्र नोंद. पारंपरिक वंशावळींत स्त्रिया बहुधा दिसत नाहीत, किंवा कोणाची तरी पत्नी म्हणूनच येतात. गिरमिटाच्या वहीत मात्र प्रत्येक स्त्रीस स्वतःचा क्रमांक, पित्याचे नाव व गाव आहे. त्यामुळे आईकडील पूर्वपरंपरेचा शोध येथे शक्य होतो.

नाताळला गेलेल्यांच्या जहाजवार याद्या व सुरिनाममधील मजुरांच्या नोंदी यांचे संगणकीकरण झाले असून त्या इंटरनेटवर शोधता येतात. शोध घेणाऱ्याची खरी अडचण नावांच्या लेखनात असते. बंदरावरील कारकुनाने ऐकू आले तसे नाव रोमन लिपीत लिहिले. त्यात त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ हे भेद नाहीसे झाले व गावांच्या नावांचीही तीच गत झाली. शिवाय बहुतेकांस आडनाव नव्हते. मूळ पुरुषाचे नावच पुढे वंशजांचे आडनाव बनले. म्हणून जहाज, क्रमांक व वडिलांचे नाव जुळल्याशिवाय केवळ नामसाम्यावरून निर्णय घेता येत नाही. या कसोट्यांतून पार पडून अनेकांना मूळ गाव सापडले आहे. त्रिनिदाद व टोबॅगोच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांनी जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या बक्सर जिल्ह्यातील भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावास भेट दिली. सुरिनाम (२०२३) व मॉरिशस (२०२४) येथील भारतीय वंशाच्या नागरिकांसाठी परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या योजनेतील पिढ्यांची मर्यादा भारत सरकारने वाढविल्यामुळे या नोंदींना कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले आहे.

नोंदींतील मौन : काही समाजांच्या बाबतीत शोध एका मर्यादेपाशी थांबतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्यांची नावे १८७० च्या जनगणनेत प्रथम आली. १८५० व १८६० च्या गुलामांच्या पत्रकांत मालकाचे नाव आहे. पण गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढेच दिलेले आहे. त्यामुळे वंशजास मालकाच्या मृत्युपत्रांतून, विक्रीपत्रांतून व जमाखर्चातून आपला पूर्वज शोधावा लागतो. ॲलेक्स हेली यांच्या रूट्स (१९७६) या ग्रंथाने या शोधास मोठी चालना दिली. त्यातील वंशकथनाच्या सत्यतेविषयी पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या. यादवी युद्धानंतर मुक्त गुलामांसाठी स्थापन झालेल्या शासकीय विभागाच्या कागदांतील नावांची सूची हजारो स्वयंसेवकांच्या श्रमांतून २०१६ मध्ये पूर्ण झाली.

महाराष्ट्रात वतन, इनाम वा जमीन नसलेल्या जाती, भटक्या जमाती आणि शाळेपासून वंचित राहिलेले लोक यांच्या बाबतीत अशीच स्थिती आढळते. जातीचा दाखला मिळविण्यासाठी मात्र त्यांनाही जुना लेखी पुरावा सादर करावा लागतो. त्यासाठी अनुसूचित जातींच्या संदर्भात १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या संदर्भात २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांच्या संदर्भात १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांची दखल घेतली गेली नाही, त्यांच्यावरच पूर्वजांची नोंद शोधण्याचा भार अधिक पडतो. अशा प्रकरणी अर्धवट वाचता येणारी कोतवाल बुकातील एक ओळही विद्यार्थ्याचा महाविद्यालयीन प्रवेश ठरवू शकते.

मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीच्या संदर्भात महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या अभिलेखांतील ‘कुणबी’ अशा नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला. निजामकालीन उर्दू कागद तसेच मोडी लिपीतील वह्या तपासण्यात आल्या, पन्नास लाखांहून अधिक नोंदी आढळल्याचे शासनाने जाहीर केले व जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांतील अनेक नोंदींच्या प्रतिमा ठेवण्यात आल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर वंशशोध राज्याच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनल्याचे हे ठळक उदाहरण होय. मात्र नोंद सापडणे आणि नोंदीतील व्यक्तीशी अर्जदाराचे नाते सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ही दुसरी गोष्ट मधल्या प्रत्येक पिढीच्या पुराव्यावर अवलंबून असते.

पुराव्याची पारख : वंशशोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे स्वतःपासून मागे करावयाचा असतो. प्रसिद्ध पुरुषापासून आरंभ करून त्याला आपल्या घराण्याशी जोडण्याचा यत्न केल्यास हमखास फसगत होते. नाव, स्थळ, काळ व नाते या चार बाबींपैकी एकाच बाबीच्या जुळणीवर विसंबू नये, असा संकेत आहे. महाराष्ट्रात नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्याने एकाच घराण्यात एकाआड एक पिढीत तेच नाव येते. परिणामी संगणकाच्या सूचीत आजोबा व नातू यांची गल्लत सहज होते. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत असल्याने तीच स्त्री माहेरच्या व सासरच्या कागदांत दोन निराळ्या व्यक्ती भासते. आडनावेही पुष्कळदा गाव बदलल्यावर, हुद्दा मिळाल्यावर किंवा शाळेत नाव घालताना रूढ झालेली असतात.

कालगणनेचाही मेळ घालावा लागतो. शक वर्षात ७८ वा ७९, सुहूर सनात ५९९ वा ६०० व दख्खनी फसली सनात ५९० वा ५९१ मिळविल्यास इसवी सन निघतो. सूची ही वाचकाने केलेली असते, म्हणून मूळ पानाची प्रतिमा पाहणे अगत्याचे ठरते. संगणकीय सूचीत नाव न आढळल्यास नोंद नाहीच, असा निष्कर्ष काढता येत नाही. ती चुकीची वाचलेली, दुसऱ्या गावाखाली लावलेली किंवा अद्याप सूचीत न आलेली असू शकते.

पूर्वजांची संख्या प्रत्येक पिढीगणिक दुप्पट होते. दहा पिढ्या मागे १,०२४, तर वीस पिढ्या मागे १०,४८,५७६ पूर्वज गणिताने येतात. प्रत्यक्षात नात्यातील विवाहांमुळे तीच माणसे वंशवृक्षात अनेक ठिकाणी येतात व संख्या घटते. एकाच पुरुषपरंपरेची वंशावळ ही या विस्तीर्ण जाळ्यातील केवळ एक दोरी असते. कुळाच्या शुद्धतेविषयीच्या कल्पना या गणितापुढे टिकत नाहीत.

जनुकीय चाचणी व गोपनीयता : एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून डीएनए चाचणी हे वंशशोधाचे नवे साधन झाले आहे. तिच्यामुळे निकटचे नाते बऱ्याच खात्रीने कळते; पण पूर्वजाचे नाव वा गाव कळत नाही. प्रादेशिक मूळ सांगणारे अंदाज तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांवर अवलंबून असल्याने काळजीपूर्वक वाचावे लागतात. एका व्यक्तीने दिलेल्या नमुन्यातून तिच्या नातलगांचीही माहिती उघड होते. कॅलिफोर्नियातील अनेक जुन्या खुनांचा छडा २०१८ मध्ये आरोपीच्या दूरच्या नातलगांनी संकेतस्थळावर ठेवलेल्या जनुकीय माहितीवरून लागला. उलटपक्षी, २०२३ मध्ये अशा एका व्यापारी संस्थेकडील सु. ६९ लाख ग्राहकांची माहिती परक्यांच्या हाती गेली. हयात व्यक्तींची नावे, जन्मतारखा व नाती सार्वजनिक वंशवृक्षात देऊ नयेत, हा दंडक म्हणूनच सर्वत्र मान्य होत आहे.

महाराष्ट्रातील वंशशोधाचे भवितव्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून आहे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, कोतवाल बुके व शाळांची जुनी रजिस्टरे कागद जीर्ण झाल्याने तुकडे होऊन नष्ट होत आहेत, म्हणून त्यांचे चित्रीकरण त्वरेने होणे आवश्यक आहे. दुसरे असे, की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून लोपलेली मोडी लिपी वाचणारे थोडे उरले आहेत. पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे वर्ग चालवितात. तथापि कागदांच्या राशीपुढे ही संख्या अल्प आहे. वाचकच नसल्यास संगणकावर आलेली प्रतिमाही बंद दप्तराइतकीच मूक राहते.